कोरी जागा सोडू नये

३१ डिसेंबर १९७४ रोजी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, नवी दिल्लीत दोन परराष्ट्रमंत्री एका करारावर सही करायला बसले. भारताचे यशवंतराव चव्हाण आणि पोर्तुगालचे मारिओ सोआरेस. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली हा भारताचा भूभाग आहे, एवढंच पोर्तुगालला मान्य करायचं होतं. गोव्यात तिरंगा फडकून तेव्हा तेरा वर्षं झाली होती. ती तेरा वर्षं लिस्बनच्या सरकारनं डोळे मिटून काढली. सरकारी भाषेत गोवा म्हणजे परक्यांनी तात्पुरता बळकावलेला प्रांत होता.

सही करणारे दोघेही तुरुंग पाहिलेले. यशवंतरावांनी बेचाळीसच्या लढ्यात सातारा जिल्ह्यात भूमिगत राहून काम केलं होतं. सोआरेसना त्यांच्याच देशाच्या गुप्त पोलिसांनी बारा वेळा पकडलं होतं, १९६८ मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर हद्दपार केलं होतं. पुढे ते पॅरिसमध्ये परागंदा होऊन राहिले. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमधली राजवट कोसळली, तेव्हा ते आगगाडीनं घरी परतले आणि थेट मंत्री झाले. ते मंत्री झाले म्हणूनच हा करार झाला.

त्या सह्यांनंतरच्या सहा महिन्यांत जे घडलं ते मला गेली काही वर्षं स्वस्थ बसू देत नाही. २५ एप्रिल १९७५ रोजी पोर्तुगालच्या लोकांनी जवळजवळ पन्नास वर्षांत पहिल्यांदा मोकळं मतदान केलं. बरोबर दोन महिन्यांनी, २५ जूनच्या रात्री, भारतात आणीबाणी पुकारली गेली. एक देश हुकूमशाहीतून बाहेर पडत होता आणि दुसरा तिच्यात शिरत होता. दोघांच्या वाटा एकमेकींना छेदून गेल्या त्या काळात करारावरची शाई पुरती वाळलीही नसेल. राजवटी कशा बदलतात याबद्दल ग्रंथ पुष्कळ आहेत. मला मात्र ते सगळं या दोन तारखांमध्ये आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या गोव्यात दिसतं.

*

लिस्बनच्या जुन्या कॅथीड्रलला लागून एक करडी, चार मजली इमारत आहे. नाव आल्जूब. शतकानुशतकं ती तुरुंगच होती. २०१५ पासून तिथं संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर एकांतवासाच्या कोठड्यांचा नमुना पुन्हा उभा केलाय. रुंदी जेमतेम एक मीटर आणि लांबी दोन. कैदी त्यांना ‘कुर्रु’ म्हणत, म्हणजे झुंजीच्या बैलांना कोंडायची जागा. मी आत उभी राहिले आणि दोन्ही हात पसरू लागले, तर कोपर सरळ होण्याआधीच बोटं भिंतींना टेकली. माणसं इथं महिनोन् महिने राहिली. दिवसा अंधुक उजेड, रात्रीही तेवढाच. चौकशीच्या वेळी मारहाणीपेक्षा जास्त वापर व्हायचा झोप न देण्याचा. दिवसामागून दिवस जागं ठेवायचं किंवा पुतळ्यासारखं उभं करायचं.

त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर काचेआड वर्तमानपत्रांची प्रूफं आहेत. त्यांच्यावर निळ्या पेन्सिलीच्या रेघा. पोर्तुगालमध्ये ‘निळी पेन्सिल’ म्हटलं की आजही सगळ्यांना सेन्सॉर आठवतो. कुठं एक शब्द खोडलाय, कुठं अख्खा परिच्छेद, तर कुठं आत्महत्येची साधी बातमी, कारण या देशात दुःखी माणसं आहेत असं दिसायला नको. खोडलेल्या मजकुराच्या जागी कोरी जागा सोडायची नाही, असाही दंडक होता. कोरी जागा दिसली तर इथं काहीतरी होतं हे वाचकाला कळतं. म्हणून संपादकानं तिथं दुसरं काहीतरी भरायचं आणि पान नेहमीसारखं दिसेल असं पाहायचं. क्रौर्याइतकीच ही टापटीप त्या राजवटीची ओळख होती.

ती उभारणारा माणूस लष्करी नव्हता. आंतोनिओ सालाझार हा कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक, खेड्यातल्या साध्या घरातला, अविवाहित, देवभोळा, काटकसरी. १९१० साली राजेशाही गेली आणि पोर्तुगाल प्रजासत्ताक झालं. पुढच्या सोळा वर्षांत तिथं पंचेचाळीसच्या आसपास सरकारं आली नि गेली. २८ मे १९२६ रोजी लष्करानं सत्ता घेतली, पण खजिना कसा सांभाळायचा हे सेनापतींना कळेना. १९२८ मध्ये सालाझारला अर्थमंत्री म्हणून बोलावलं. प्रत्येक खात्याच्या खर्चावर शेवटचा शब्द माझा, ही त्याची अट होती. ती मान्य झाली आणि तिथंच सगळं ठरलं. १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला, १९३३ मध्ये नवी राज्यघटना आली, ‘नवं राज्य’ असं नाव आलं. अंदाजपत्रक तोलून दाखवणाऱ्या माणसाला लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकून वाट करून दिली. अनागोंदीला कंटाळलेला समाज शिस्तीच्या बदल्यात काय काय देऊन टाकतो, हे त्या पाच वर्षांत दिसतं.

हुआन लिंझ या स्पॅनिश अभ्यासकानं १९६४ साली एक फरक मांडला. हिटलर-स्टालिनच्या सर्वंकष राजवटींना लोक रस्त्यावर हवे असतात, घोषणा देत, मशाली घेऊन. दुसऱ्या जातीच्या हुकूमशाहीला लोक घरी बसलेले हवे असतात. तिला त्यांचं प्रेम नको असतं, त्यांनी लक्ष घातलं नाही की तिला पुरतं. लिंझ फ्रँकोच्या स्पेनबद्दल लिहीत होता, पण सालाझारचं राज्य या दुसऱ्या जातीचा नमुना होतं. १९७० साली तिथले साधारण चौथा हिस्सा लोक निरक्षर होते, आणि राज्यकर्त्यांना त्याची फारशी खंत नव्हती.

*

लिस्बनमध्ये राजवट बदलली की गोव्यात घरातल्या देव्हाऱ्यापर्यंत फरक पडायचा, हे आपल्याकडे फार कमी सांगितलं जातं. १९१० च्या प्रजासत्ताकानं चर्च आणि शासन वेगळं केलं. गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले ते तेव्हा. मराठी शाळा, वाचनालयं, नियतकालिकं त्याच काळात बहरली. गोविंद पुंडलिक हेगडे देसाईंचं ‘भारत’ १९१२ सालचं. मग १९३० साली सालाझारच्या वसाहत कायद्यानं ही दारं पुन्हा लावून घेतली. तेव्हा पणजीच्या कौन्सिलात लुईस द मिनेझिस ब्रागांझा उठून उभे राहिले आणि गोव्यानं स्वतःचं भवितव्य ठरवायचा हक्क सोडलेला नाही, असा ठराव त्यांनी मांडला. त्या वेळी असं बोलायला छाती लागत होती. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी ते पुन्हा येणार आहे.

१८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी जाहीर सभेचा हक्क बजावला, त्यानंतरचा इतिहास मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांना पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या पेनिश किल्ल्यात नेऊन ठेवलं गेलं. १९५५ मध्ये सत्याग्रहींच्या तुकड्या सीमा ओलांडून गेल्या. १५ ऑगस्टच्या गोळीबारात वीसहून अधिक माणसं पडली. नानासाहेब गोरे, सुधाताई जोशी, जगन्नाथराव जोशी, मधू लिमये असे कितीतरी जण गोव्याच्या तुरुंगांत गेले. लिमयांना बारा वर्षांची शिक्षा झाली, त्यातलं दीडेक वर्ष भोगून ते १९५७ मध्ये सुटले.

आणि मोहन रानडे. सांगलीचा हा तरुण मास्तर म्हणून गोव्यात शिरला, आझाद गोमंतक दलात लढला, १९५५ मध्ये गोळी लागून जखमी अवस्थेत पकडला गेला. सव्वीस वर्षांची शिक्षा. त्याला लिस्बनजवळच्या काशियस किल्ल्यात नेलं. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण गोव्यासाठी लढलेला रानडे मुक्त झाला नाही. आणखी सात वर्षं तो त्याच कोठडीत होता. सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी पुढाकार घेऊन समिती उभी केली, अण्णादुराईंनी थेट पोपना गळ घातली. जानेवारी १९६९ मध्ये रानडे बाहेर आले. ज्या भूभागावर आपली सत्ता उरलेली नाही, तिथल्या माणसाला इतकी वर्षं डांबून ठेवण्यात कुठलंही राजकारण नव्हतं. जे झालं ते झालंच नाही असं म्हणत राहण्याचा तो भाग होता.

सालाझारला खरी बातमी नको असायची. १४ डिसेंबर १९६१ ला त्यानं गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांना तार पाठवली. आशय असा, की तह नाही, शरणागती नाही, पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी होतील किंवा मरतील. वासालोंकडे होते साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक, जुनी शस्त्रं आणि एक लढाऊ जहाज. समोर भारताचं भूदल, नौदल, वायुदल. ३६ तासांत सगळं आटोपलं. दोन्ही बाजूंचे मिळून पन्नासेक जण गेले. वासालोंनी तार बाजूला ठेवली आणि १९ डिसेंबरला शरणागती लिहून दिली. हजारो पोरांचे आणि पणजी, वास्कोतल्या रहिवाशांचे प्राण त्या एका अवज्ञेनं वाचले, असं मी मानते. आपल्या मुक्तिदिनाच्या भाषणांत या माणसाचा चांगला उल्लेख कधीतरी व्हायला हवा.

सालाझारनं त्याचा सूड घेतला. युद्धकैदी परत न्यायलाच मे १९६२ उजाडला. ते लिस्बनला उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला लष्करी पोलीस उभे होते. वासालोंना सैन्यातून बडतर्फ केलं. पोर्तुगीज सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी हे पाहिलं आणि ते विसरले नाहीत. हरणार हे ठाऊक असलेल्या युद्धात सरकार आपल्याला ढकलेल आणि हरल्यावर दोष आपल्याच माथी मारेल, ही खूणगाठ गोव्यानं त्यांच्या मनात बांधली.

*

हुकूमशाहीत निवडणुका होतच नाहीत, हा भाबडा समज आहे. सालाझारच्या राज्यात त्या ठरल्या वेळी व्हायच्या. १९५८ मध्ये जनरल उंबेर्तु देल्गादु राष्ट्राध्यक्षपदासाठी विरोधात उभे राहिले. निवडून आलात तर सालाझारचं काय करणार, असं पत्रकारानं विचारलं. अर्थातच काढून टाकणार, हे त्यांचं उत्तर देशभर पसरलं. सभांना लोटलेली गर्दी पाहून सरकार हादरलं. निकालात देल्गादुंना चौथा हिस्सा मतं दाखवली. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द केली. १९६५ मध्ये गुप्त पोलिसांनी देल्गादुंना स्पेनच्या सीमेजवळ फसवून बोलावलं आणि ठार मारलं. मतपेटी होती, उमेदवार होता, मतदार होते. ‘आता तुम्ही जा’ असं सांगता येईल अशी वाट तेवढी नव्हती.

मग १९६८ चा उन्हाळा आला. समुद्रकाठच्या किल्ल्यात सुट्टीवर असलेला सालाझार खुर्चीवरून पडला, डोक्याला मार बसला, पुढे मेंदूत रक्तस्राव झाला. मार्सेलो काएतानुला पंतप्रधान केलं गेलं. सालाझार मात्र जगला, जवळजवळ दोन वर्षं, आणि पद गेल्याचं त्याला कोणी सांगितलं नाही. जुने मंत्री भेटीला यायचे, बसायचे, तो सूचना द्यायचा, ते माना डोलवायचे. २७ जुलै १९७० रोजी तो गेला तो आपणच पंतप्रधान आहोत असं समजून. आयुष्यभर त्यानं देशाला कोऱ्या जागा दिसू दिल्या नाहीत. शेवटी त्याच्याच खोलीत त्याच्याभोवती तेच नाटक झालं. हे वाचून पहिल्यांदा मला हसू आलं होतं. आता येत नाही. सत्तेभोवतीची माणसं खरं सांगायची थांबली की काय होतं, हे एवढ्या लख्खपणे क्वचितच पाहायला मिळतं.

आफ्रिकेत तोवर तीन युद्धं पेटली होती, अंगोलात १९६१ पासून, गिनीत १९६३ पासून, मोझांबिकमध्ये १९६४ पासून. प्रत्येक तरुणाला सक्तीची लष्करी सेवा, चार-चार वर्षं. अंदाजपत्रकातला चाळीसेक टक्के पैसा त्यातच जायचा. पोरं फ्रान्समध्ये पळून जाऊ लागली. अधिकारी कमी पडले, म्हणून १९७३ मध्ये सरकारनं सक्तीच्या भरतीतून आलेल्यांना थोड्या प्रशिक्षणावर बढतीची वाट मोकळी केली. कायम सेवेतले कॅप्टन बिथरले. क्रांतीची सुरुवात बढत्यांच्या भांडणातून झाली, हे पोर्तुगीज लोक संकोच न करता सांगतात. पण भेटीगाठी सुरू झाल्या आणि बढत्यांचा विषय चार महिन्यांत मागे पडला. गिनीत वाटाघाटींपेक्षा लष्करी पराभव परवडला, अशा अर्थाचं काएतानु बोलल्याचं अधिकाऱ्यांत पसरलं, तेव्हा प्रत्येकाला गोवाच आठवला.

*

२४ एप्रिल १९७४, रात्री अकराला पाच मिनिटं कमी. लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रावर त्या वर्षीच्या युरोव्हिजन स्पर्धेतलं पोर्तुगालचं गाणं लागलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ती पहिली खूण होती. मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी दुसऱ्या केंद्रावर जुझे अफॉन्सुचं ‘ग्रांदोला, व्हिला मुरेना’ लागलं, आणि बराकींमधल्या गाड्या सुरू झाल्या.

सांतारेंच्या घोडदळ शाळेत एकोणतीस वर्षांच्या साल्गेइरो माया या कॅप्टननं आपल्या पोरांना उठवून उभं केलं. पोर्तुगीज भाषेत राज्याला जो शब्द आहे, तोच दशेला, अवस्थेलाही आहे. माया त्यांना म्हणाला, राज्यांचे प्रकार अनेक असतात, समाजवादी असतं, भांडवलशाही असतं, आणि एक असतं ते आपली जी दशा झालीये ती. आज रात्री ती दशा संपवायला निघालोय. यायचं त्यानं यावं. २४० जण होते, एकही मागे राहिला नाही. चिलखती गाड्यांचा तो ताफा लिस्बनमध्ये शिरल्यावर तांबड्या सिग्नलला थांबला, असं सांगतात.

सकाळी नदीकाठच्या मोठ्या चौकाजवळ सरकारी रणगाडे आडवे आले. माया हातात पांढरा रुमाल घेऊन चालत पुढे गेला. समोरच्या ब्रिगेडियरनं गोळी झाडायचा हुकूम दिला. एका अधिकाऱ्यानं तो पाळला नाही. मग रणगाड्यातल्या कॉर्पोरलला हुकूम झाला. तो आत उतरला आणि वरचं झाकण आतून लावून घेऊन बसला. राजवट पडली ती त्या क्षणी, बाकीचे तास निस्तरण्यात गेले. अठ्ठेचाळीस वर्षांची सत्ता, तिचे पोलीस, तिचे खबरे, तिची खडी फौज, हे सगळं शेवटी एका पोराच्या बोटावर येऊन थांबलं होतं आणि त्यानं ते बोट हलवलं नाही.

त्याच सकाळी एका उपाहारगृहाला वर्ष पूर्ण झालं म्हणून मालकानं गिऱ्हाइकांना द्यायला कार्नेशनची फुलं आणून ठेवली होती. शहरात लष्कर उतरल्यामुळे दार उघडलंच नाही. फुलं वाया जातील, घरी घेऊन जा, असं त्यानं नोकरांना सांगितलं. चाळिशीतली सेलेस्त काएइरो हातात जुडी घेऊन निघाली. वाटेत एका सैनिकानं तिच्याकडे सिगारेट मागितली. तिच्याकडे नव्हती. तिनं एक फूल दिलं, त्यानं ते बंदुकीच्या नळीत खोवलं. मग शेजारच्यानं मागितलं. दुपारपर्यंत फुलवाल्या बायका टोपल्या रिकाम्या करत होत्या.

काएतानु शहरातल्या कार्मु चौकात पोलीस दलाच्या मुख्यालयात अडकला होता. चौक माणसांनी भरला, लोक झाडांवर चढले. सत्ता रस्त्यावर पडू नये म्हणून कुणातरी जनरलच्या हातीच देईन, हा त्याचा हट्ट होता. जनरल स्पिनोला आले, सूर्य कलताना सत्तेचा हातबदल झाला. गुप्त पोलिसांनी मात्र आपल्या कचेरीच्या खिडक्यांतून जमावावर गोळ्या झाडल्या, चार जण मेले. त्या दिवशी ‘रेपुब्लिका’ या दैनिकानं पहिल्या पानावर छापलं, की हा अंक कुठल्याही सेन्सॉरनं पाहिलेला नाही. दुसऱ्या रात्री काशियसचे दरवाजे उघडायची वेळ आली. हिंसेचे आरोप असलेल्यांना तूर्त आत ठेवावं, असं नव्या सत्ताधाऱ्यांत काहींचं मत होतं. कैद्यांनी सांगितलं, सगळे तरी सुटू, नाहीतर कोणीच बाहेर येणार नाही. सगळे सुटले. रानडे पाच वर्षं आधी त्याच फाटकातून बाहेर पडले होते.

पुढे मायाला आजारपणात पेन्शन नाकारली गेली आणि जुन्या गुप्त पोलिसांतल्या दोघांना ती मिळाली. १९९२ मध्ये तो कर्करोगानं गेला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या आत. लोकशाही आली की न्याय आपोआप येतो असं कुणी म्हणालं की मला मायाची आठवण येते.

*

फुलांनंतरची दीड वर्षं धामधुमीची होती. सहा हंगामी सरकारं, दोन फसलेली बंडं, बँकांचं राष्ट्रीयीकरण, दक्षिणेत जमिनींचा ताबा, उत्तरेत कम्युनिस्टांच्या कचेऱ्यांना आगी. आफ्रिकेतून लाखो पोर्तुगीज निर्वासित होऊन परतले. देश एका हुकूमशाहीतून निघून दुसरीत जाणार, हे अनेक जाणत्यांनी गृहीत धरलं होतं.

या गोंधळाच्या मध्यावर निवडणूक आली. आणि क्रांती करणाऱ्या लष्करातल्याच काहींनी लोकांना सुचवलं, की पक्ष कळत नसतील तर मतपत्रिका कोरी टाका, तो आमच्यावरचा विश्वास समजू. म्हणजे यावेळी कोरी जागा सोडा, असं वरून सांगणं होतं. २५ एप्रिल १९७५ ला पहाटेपासून रांगा लागल्या. बायका पहिल्यांदाच शिक्षणाची, घरधनीपणाची कसलीही अट न पाळता मत देत होत्या. नव्वद टक्क्यांहून जास्त मतदान झालं. कोऱ्या आणि बाद मतपत्रिका मिळून निघाल्या सातेक टक्के. सोआरेस यांच्या समाजवादी पक्षाला सदतीस टक्क्यांवर मतं पडली. त्या दिवसानंतर लष्करातला जो कोणी लोकांच्या नावानं बोलू लागला, त्याच्यासमोर हे आकडे ठेवता आले. बरोबर वर्षानं, २५ एप्रिल १९७६ ला, नवी घटना लागू झाली. सॅम्युअल हंटिंग्टननं पुढे ज्याला लोकशाहीची तिसरी लाट म्हटलं, ती त्यानं याच शहरातून, १९७४ च्या २५ एप्रिलपासून मोजली. ग्रीस, स्पेन, लॅटिन अमेरिका, पूर्व युरोप हे सगळं नंतरचं.

*

आणि इथं? २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी सही केली. मंत्रिमंडळाला २६ च्या सकाळी सहा वाजता बोलावून सांगितलं गेलं. त्या मंत्रिमंडळात यशवंतराव होते. दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज रात्रीच तोडली होती. ‘इंडियन एक्स्प्रेस’नं अग्रलेखाची जागा कोरी ठेवून अंक काढला. लवकरच सेन्सॉरचा हुकूम आला, कोरी जागा सोडू नये. आल्जूबमध्ये ती निळ्या रेघांची प्रूफं पाहताना मला हे आठवलं आणि अंगावर काटा आला. लिस्बनच्या आणि दिल्लीच्या कारकुनांनी एकमेकांचं काही वाचलेलं नव्हतं. तरी दोघांनाही भीती वाटली ती याच गोष्टीची.

सालाझारच्या तुरुंगात राहिलेले मधू लिमये आता इंदिरा गांधींच्या तुरुंगात होते, मध्य प्रदेशात. लोकसभेची पाच वर्षांची मुदत मार्च १९७६ मध्ये संपली, सरकारनं ती वाढवून घेतली. लोकांनी मला पाच वर्षांसाठी पाठवलं होतं, असं म्हणून लिमयांनी तुरुंगातून खासदारकीचा राजीनामा दिला. त्यांच्यासारखंच शरद यादवांनी केलं. बाकीचे बसून राहिले. विरोधी पक्षांच्या भल्याभल्यांना हे का सुचलं नाही, हा प्रश्न लिमयांचे चाहते आजही विचारतात, आणि तो रास्त आहे.

डिसेंबर १९७५ मध्ये कराडला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश नारायण तेव्हा मुंबईत आजारी होते. त्यांना आराम पडावा म्हणून दुर्गाबाईंनी त्या मांडवात सगळ्यांना प्रार्थनेची हाक दिली. मराठी माणसाच्या आठवणीत हा प्रसंग शौर्यकथा म्हणून राहिलाय आणि तसा तो आहेच, १९७६ मध्ये त्याची किंमतही त्यांनी अटक होऊन मोजली. पण मला त्या मांडवात बसलेले यशवंतराव दिसत राहतात. वर्षापूर्वी ज्यांनी सोआरेसच्या शेजारी बसून सही केली, त्यांच्या मनात त्या क्षणी काय चाललं असेल? त्यांच्याबद्दल मला आदर आहे. म्हणूनच त्यांचं ते गप्प राहणं मला जास्त लागतं.

सगळी दारं बंद झाली नव्हती, हाही आपल्याकडचा फरक. फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाचा खटला निघाला. सगळ्या वृत्तपत्रांना एका सुरात गायला लावणं हे सेन्सॉरचं काम नाही, अशा अर्थाचा निकाल न्या. मदन आणि न्या. कानिया यांनी दिला. दोन महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयानं मात्र चार विरुद्ध एक मतानं सांगितलं, की आणीबाणीत अटकेतल्या माणसाला न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. एकटे न्या. हंसराज खन्ना वेगळं बोलले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं.

१८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली. का केली, यावर अजून वाद आहेत. मला पटतं ते असं, की पानं नीटनेटकी भरलेली होती, कुठंही कोरी जागा नव्हती, आणि जिंकणार हेच त्यांना सगळीकडून ऐकू येत होतं. सभा सुरू झाल्या, पु. ल. देशपांडे व्यासपीठांवर उतरले, लोक मैलोन्‌मैल चालत येऊ लागले. काँग्रेस १५४ जागांवर आली, रायबरेलीत स्वतः पंतप्रधान पडल्या. २१ मार्चला आणीबाणी उठली. पोर्तुगालला ज्यासाठी चिलखती गाड्या, तेरा वर्षांची युद्धं आणि एका कॉर्पोरलचं धैर्य लागलं, ते इथं शाईच्या ठिपक्यानं झालं. तीन वर्षांत त्याच मतदारांनी इंदिरा गांधींना परतही आणलं, तोही त्यांचाच हक्क होता.

पोर्तुगालमध्ये मे २०२५ च्या निवडणुकीत सहा वर्षांचा ‘शेगा’ हा उजवा पक्ष ६० जागा मिळवून दुसऱ्या क्रमांकावर आला. सोआरेसचा पक्ष तिसऱ्यावर गेला. कंटाळलेली माणसं शिस्तीची भाषा पुन्हा ऐकू लागली आहेत. मला त्याची काळजी वाटते. पण दर २५ एप्रिलला लिस्बनच्या रस्त्यावर नातवंडांना खांद्यावर घेऊन येणारी म्हातारी माणसंही आहेत, आणि तीही मतदार आहेत.

*

गोव्याचं एक सांगायचं राहिलंय.

डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात पहिली निवडणूक झाली आणि दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा, हेच त्यांचं मुख्य कलम. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोअन्स विरोधात. भांडण विकोपाला गेलं, घराघरांत फूट पडली. दिल्लीनं ठरवलं, लोकांनाच विचारू. सत्ता विलीनीकरणवाद्यांच्या हाती असताना कौल कसा निष्पक्ष होणार, अशी हरकत आली. ३ डिसेंबर १९६६ ला बांदोडकरांचं सरकार पायउतार झालं. विलीनीकरणाला चिन्ह ‘फूल’, स्वतंत्र ओळखीला ‘दोन पानं’. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. सालाझारच्या सेन्सॉरखाली जगलेली, पाच वर्षांपूर्वीपर्यंत मतपेटीला अर्थच नसलेली माणसं आपण कोण व्हायचं हे ठरवायला रांगेत उभी राहिली. त्या वेळी सालाझार अजून सत्तेवर होता, आणि ही माणसं आपलीच प्रजा आहेत असं म्हणत होता.

दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. महाराष्ट्रात अनेकांना हे लागलं. मीही अशा घरात वाढले जिथं तो निकाल हळहळत सांगितला जायचा. कौल हरलेल्या बांदोडकरांना कुणी तुरुंगात टाकलं नाही, आणि जिंकलेल्यांनीही विजयाच्या भरात कुणाची तोंडं बंद केली नाहीत. दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली. ज्यांचा मुख्य मुद्दा लोकांनी नाकारला, त्याच बांदोडकरांना लोकांनी पुन्हा निवडलं आणि ते पुन्हा मुख्यमंत्री झाले.

कौलाची मतं मोजली गेली पणजीत, ज्या वास्तूला पोर्तुगीजांनी वास्को द गामाचं नाव दिलं होतं तिथं. तोवर तिचं नाव बदललं होतं. दारावर मिनेझिस ब्रागांझा असं लिहिलेलं होतं, आणि बाहेर मोठी गर्दी निकालाची वाट पाहत उभी होती.